जुन्या गाडीचे तपासणी-पत्रक: प्रकल्प नोंदी, जून–जुलै २०२५

२ जून, सोमवार

जुनी खासगी चारचाकी घेणाऱ्याच्या हातात दोन पानी पत्रक द्यायचे आहे. पहिल्या पानावर विक्रेत्याला विचारायचे प्रश्न आणि कागदपत्रे, दुसऱ्यावर गाडीपाशी करायची तपासणी. पत्रक मेकॅनिकसाठी नाही. पगारातून साठवलेले चार-पाच लाख घेऊन पुण्यात गाडी शोधणाऱ्या माणसाला ते एकट्याने, दीड तासात वापरता आले पाहिजे.

साधने: चांगला टॉर्च, हातात मावणारा आरसा, पातळ कापडात गुंडाळलेले चुंबक, टायरच्या नक्षीची खोली मोजायचे गेज, मल्टिमीटर, रंगाची जाडी मोजणारे मीटर आणि मोबाइलला ब्लूटूथने जोडायचा ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारे यंत्र. पहिली पाच साधने प्रत्येकाने घ्यावीत. शेवटची दोन उसनी मिळाली तरी चालतात, पण ती नसतील तर पाच-सहा लाखांच्या गाडीसाठी बाहेरचा तपासनीस बोलवावा, असे पत्रकातच लिहायचे. ईव्हीची, म्हणजे विजेवरच्या गाडीची, बॅटरी-तपासणी हा स्वतंत्र विषय आहे, तो या पत्रकात घेतलेला नाही.

४ जून, बुधवार

पहिल्या पानाचा पाया आज ठरला, आणि तो १८७२ च्या कायद्यात सापडला.

भारतीय करार कायद्याच्या कलम १७ चे स्पष्टीकरण सांगते की नुसते गप्प राहणे म्हणजे फसवणूक नव्हे. त्याखाली घोड्याची उदाहरणे दिली आहेत. 'अ' आपला घोडा लिलावात 'ब'ला विकतो. घोड्यात खोट आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो बोलत नाही. ही फसवणूक नाही. पुढच्या एका उदाहरणात 'ब' म्हणतो, "तू नाकारले नाहीस तर घोडा निरोगी आहे असे मी धरून चालेन." 'अ' तरीही गप्प राहतो. इथे गप्प राहणे हेच बोलणे ठरते.

घोड्याच्या जागी गाडी ठेवली की सगळे लख्ख दिसते. "गाडी कशी आहे?" या प्रश्नाला "एक नंबर" असे उत्तर मिळते, आणि त्याला पुढे काही किंमत राहत नाही. मीटर, अपघात, पाणी, विम्याचा दावा यांविषयी ज्याने विचारलेच नाही, त्याच्यापाशी विक्रेत्याचे मौन तेवढे असते. म्हणून टोकन, म्हणजे इसाऱ्याची रक्कम, देण्याच्या आधी विक्रेत्याच्या मोबाइलवर पुढील संदेश पाठवायचा. मसुदा असा:

"आपली अमुक क्रमांकाची गाडी मी पुढील माहितीवर विसंबून घेत आहे. मीटरवरचे किलोमीटर खरे आहेत. मीटर बदललेला किंवा मागे घेतलेला नाही. एप्रन, पिलर, चेसिस किंवा एअरबॅगचे काम करावे लागेल असा अपघात झालेला नाही. केबिनमध्ये पाणी शिरलेले नाही. विमा कंपनीने गाडी कधी टोटल लॉस ठरवलेली नाही. गाडी टॅक्सी म्हणून वापरलेली नाही. कर्ज, चलान, पोलीस किंवा कोर्टाचे प्रकरण बाकी नाही. यातले काही चुकीचे असेल तर कृपया आजच कळवा. आपण नाकारले नाही तर हे सर्व खरे आहे असे धरून मी पैसे देईन."

(पिलर म्हणजे दारांजवळचे, छत तोलणारे खांब. एप्रन आणि टोटल लॉस यांचा खुलासा पुढच्या नोंदींत आहे.) शेवटची दोन वाक्ये गाळायची नाहीत, सगळा जोर त्यांच्यावर आहे. तरी मौनावर थांबू नये. "हो, बरोबर" एवढे उत्तर मागून घ्यावे. कारण कलम १९ च्या अपवादात असे आहे की साधी काळजी घेऊन घेणाऱ्याला खरे कळू शकले असते, तर केवळ मौनामुळे किंवा अजाणता केलेल्या चुकीच्या विधानामुळे झालेला करार रद्द करता येत नाही. जाणूनबुजून दिलेल्या खोट्या उत्तराला हे संरक्षण नाही. म्हणजे दोन्ही पाने एकमेकांना लागतात: तपासणी केली नाही तर "बघून घ्यायचे होते" हा बचाव विक्रेत्याला मिळतो, आणि लेखी विचारले नाही तर तपासणीत न दिसलेल्या दोषासाठी हातात काही राहत नाही.

"नॉन-अॅक्सिडेंट, फर्स्ट ओनर, ४२,००० किमी" ही जाहिरात म्हणजे वर्णन. वस्तुविक्री कायदा १९३० च्या कलम १५ प्रमाणे वर्णनावर विकलेला माल वर्णनाबरहुकूम असावा लागतो. जाहिरातीचा स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी काढून ठेवायचा. सौदा झाला की जाहिरात उतरते.

७ जून, शनिवार

कागदपत्रांचा भाग. परिवहनच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन अॅपवर क्रमांक टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, इंधन, वर्ग, विम्याची मुदत, पीयूसी आणि कर्जाचा बोजा दिसतो. मालकाचे नाव तिथे पूर्ण दिसत नाही. त्यामुळे मूळ आरसी आणि मालकाचे ओळखपत्र समोरासमोर पडताळावे लागते.

नेमके काय चुकते ते लिहून ठेवतो.

उत्पादनाचा महिना आणि नोंदणीचा महिना यांत बरेच अंतर असते. डिसेंबर २०१७ ची गाडी मार्च २०१८ मध्ये नोंदली की जाहिरातीत ती '२०१८ मॉडेल' होते. भाव उत्पादनाच्या वर्षावर करायचा.

चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो, आणि त्यात आय, ओ, क्यू ही रोमन अक्षरे येत नाहीत. पहिली तीन अक्षरे कारखाना सांगतात: मारुती 'एमए३', ह्युंदाई 'एमएएल', टाटा 'एमएटी', महिंद्रा 'एमए१'. आरसीवरचा, पत्र्यावर ठोकलेला आणि कंपनीच्या प्लेटवरचा असे तिन्ही नंबर अक्षरन् अक्षर जुळले पाहिजेत. ठोकलेल्या नंबरावर पेन्सिल घासून कागदावर ठसा घ्यायचा. आरटीओच्या फॉर्मवर तो लागतोच, आणि एखादा आकडा घासून पुन्हा ठोकला असेल तर ठशात त्याची खोली व ओळ वेगळी दिसते. नंबराभोवतीचा पत्रा बोटाने चाचपायचा. तिथे वेल्डिंगची कडा, ताजा रंग किंवा ग्राइंडरचे ओरखडे सापडले तर तपासणी तिथेच थांबवायची आणि टोकनही द्यायचे नाही.

कर्जाचा बोजा. "लोन फिटलंय, एनओसी घरी आहे" हे सर्रास ऐकू येते. बँकेची एनओसी आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) हातात आल्याशिवाय, आणि आरसीवरून बोजा उतरल्याशिवाय पूर्ण रक्कम द्यायची नाही.

महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर बाकी दंड पाहायचा. रक्कम किरकोळ असते, पण चलानाच्या तारखा आणि ठिकाणे उपयोगी पडतात. 'फक्त रविवारी काढलेल्या' गाडीला आठवड्याच्या मधल्या वारी एक्स्प्रेस-वेवर वेगाचे चलान लागले असेल, तर त्याबद्दल विचारायलाच हवे.

परराज्यातली गाडी. दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्या चालवण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम केली. त्यामुळे वयाच्या उंबरठ्यावर आलेल्या चांगल्या दिसणाऱ्या डिझेल गाड्या इकडे येऊ लागल्या. गाडी वाईट असेलच असे नाही. पण मूळ आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी, इथला नवा क्रमांक आणि इथला कर हा खर्च भावात धरलेला नसतो. परराज्याच्या क्रमांकावर गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. कराचा हिशेब आरटीओतून काढून मगच बोलणी करावी. मूळ राज्यातून मिळायच्या परताव्याचा भरवसा धरू नये.

११ जून, बुधवार

विम्याच्या कागदात अपघाताचा माग लागतो. तो फार कमी लोक काढतात, म्हणून ही नोंद सविस्तर.

दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, म्हणजे एनसीबी, ठरलेल्या पायऱ्यांनी चढते: पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्यानंतर ५०. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा केला की ती शून्यावर येते. सहा वर्षे एकाच मालकाकडे असलेल्या, 'ओरखडाही नाही' अशा गाडीच्या पॉलिसीवर ५० टक्के अपेक्षित आहे. तिथे २० दिसले तर दोन वर्षांपूर्वी काहीतरी घडले आहे. शून्य असेल तर गेल्याच वर्षी.

अपवादही पत्रकात हवेत, नाहीतर चांगल्या गाडीवर उगाच आळ येईल. पॉलिसी संपून ९० दिवसांहून अधिक काळ लोटला की सवलत जाते. एनसीबी राखणारी जोडपॉलिसी असेल तर दाव्यानंतरही ती टिकते. आणि सवलत माणसाची असते, गाडीची नव्हे. मालकाने ती आधीच्या गाडीवरून आणलेली असू शकते, तशीच ती विक्रेत्याबरोबर जाईल आणि घेणाऱ्याला मिळणार नाही. म्हणून शेवटच्या तीन वर्षांच्या पॉलिसी मागायच्या आणि टक्केवारीचा क्रम पाहायचा. मालकाने स्वतः विमा कंपनीकडून दाव्यांचा तपशील मागवून दिला तर सर्वांत चांगले.

टोटल लॉस: दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी मोडीत काढल्यासारखी धरून पैसे देते. तो सांगाडा विकला जातो. आरसी रद्द झाली नाही तर कोणीतरी तो उभा करतो आणि त्याच क्रमांकावर गाडी पुन्हा बाजारात येते. संदेशातला टोटल लॉसचा प्रश्न त्यासाठीच आहे.

१४ जून, शनिवार

पत्रा आणि रंग. कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन असतो. पुन्हा रंगवलेला पॅनल २०० ते ३०० दाखवतो. ५०० च्या पुढे आकडा गेला की खाली पुट्टी आहे, आणि १,००० च्या वर पत्रा नीट न काढता पुट्टीनेच आकार दिला आहे. मीटर आधी सोबतच्या पट्टीवर शून्य करून घ्यायचे. प्लास्टिकच्या बंपरवर ते चालत नाही. चुंबकाची चाचणी ढोबळ असते: पातळ पुट्टीवर चुंबक चिकटतेच, ते फक्त जाड थर पकडते.

एक दरवाजा किंवा फेंडर रंगवलेला असणे हा दोष नाही. शहरात सात-आठ वर्षे चाललेल्या गाडीला तेवढे घडतेच. आकडे छत आणि पिलरवर पाहायचे. छताला कोणी घासून जात नाही, त्यामुळे छत ३०० दाखवत असेल तर गाडी उलटली होती, झाड पडले होते किंवा सगळी गाडी रंगवली आहे.

बोनेट उघडल्यावर नजर इंजिनवर जाते. ती आधी कडांवर न्यावी. दोन्ही बाजूंचे एप्रन, म्हणजे फेंडरच्या आतला पत्रा ज्यावर शॉकअब्सॉर्बर बसतो, एकमेकांशी ताडून पाहायचे. कारखान्याचे स्पॉट वेल्ड, म्हणजे पत्रे जोडणारे ठिपके, सारख्या अंतरावर, गोल आणि किंचित खोलगट असतात. गॅरेजमधले वेडेवाकडे किंवा सीलंटने झाकलेले. कारखान्याचे सीलंट एकसारख्या रेषेत असते आणि नखाला कडक लागते. नंतर भरलेले मऊ असते किंवा बोटाने फासलेले दिसते. फेंडर आणि बोनेटच्या बिजागरीचे बोल्ट पाहायचे: डोक्यावरचा रंग पान्याने उडाला असेल तर तो भाग एकदा निघाला आहे. पुढचा आडवा क्रॉस मेंबर नवा आणि त्याचे एप्रन जुने असे असेल तर समोरून धडक नक्की.

दरवाज्यांची रबरी बीडिंग हाताने ओढून काढायची, ती परत सहज बसते. खालच्या पिलरच्या पत्र्यावर कारखान्याचे वेल्ड दिसलेच पाहिजेत. ओढू न देणारा विक्रेता असेल तर तेवढ्यावर नकार द्यावा, इतका हा मुद्दा आम्हाला महत्त्वाचा वाटतो. पिलर कापून जोडलेली गाडी पुढच्या अपघातात आतल्या माणसांना वाचवू शकत नाही.

काचांवर कंपनी आणि वर्षाची खूण असते. सगळ्या काचा एकाच कंपनीच्या आणि उत्पादनाच्या वर्षाच्या आसपासच्या हव्यात. समोरची काच दगडाने बदललेली असू शकते; एका बाजूच्या दोन्ही दारांच्या काचा बदलल्या असतील तर त्या बाजूचा पिलर पुन्हा पाहायचा. सीटबेल्टच्या खालच्या टोकाला शिवलेल्या पट्टीवरही तारीख असते. २०१६ च्या गाडीत २०२१ चा बेल्ट असेल तर जुना बेल्ट का गेला, हे विचारावे.

२० जून, शुक्रवार

पालख्या शहरात मुक्कामी, बरेच रस्ते बंद. ट्रायल पुढे ढकलून मीटरचा विषय घेतला.

मीटर मागे घ्यायला आता डॅशबोर्ड उघडावा लागेलच असे नाही. आकडा क्लस्टरमधल्या, म्हणजे डॅशबोर्डवरच्या मीटरांच्या संचातल्या, छोट्या मेमरी चिपमध्ये असतो, आणि बऱ्याच गाड्यांत तो ओबीडी सॉकेटमधूनच काही मिनिटांत बदलता येतो. त्यामुळे 'क्लस्टरचे स्क्रू हललेले नाहीत' यावरून काही सिद्ध होत नाही. मीटरचा आकडा बाहेरच्या आकड्यांशी ताडूनच खोटे पकडता येते.

सर्वांत बळकट पुरावा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या जॉबकार्डांचा, कारण प्रत्येकावर तारीख आणि किलोमीटर असतात. परक्याला ती देत नाहीत; मालकाने नोंदलेल्या मोबाइलवरून मागवावी लागतात. आकडे ओळीने मांडायचे. वर्षाला १८,००० या गतीने चार वर्षे चाललेली गाडी ७२,००० वर सर्व्हिस थांबवते आणि तीन वर्षांनी ५८,००० वर विकायला येते, असे उघड खोटे क्वचितच सापडते. नेहमीचा प्रकार वेगळा: नोंदी ४५,००० ला थांबतात, 'नंतर बाहेर सर्व्हिस केली' असे सांगतात, आणि मीटर ६१,००० दाखवते. तिथे इतर खुणा लागतात.

फास्टॅगचे स्टेटमेंट मालकाच्या बँकेच्या अॅपमधून निघते. एका वर्षाच्या टोल नाक्यांवरून कमीत कमी किती अंतर झाले, याचा हिशेब लावता येतो. बोनेटखाली किंवा दाराच्या चौकटीवर ऑइल बदलल्याचा स्टिकर राहून जातो. तो खरवडल्याचा डागही बोलतो. ब्रेक डिस्कच्या कडेला नखाला लागणारी उंच कडा, ब्रेक पेडलचे गुळगुळीत रबर, ड्रायव्हर सीटच्या दाराकडच्या बाजूचा बसलेला फोम, चकाकणारे स्टिअरिंग: ३०,००० किलोमीटरच्या गाडीत यांतले काहीच नसावे. नवे सीट कव्हर, स्टिअरिंग कव्हर आणि पेडलची नवी रबरे एकाच वेळी दिसली तर कव्हर काढून पाहावे.

टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. गाडी २०१८ ची, मीटर ३०,००० आणि चारही टायर २०२२ चे असतील तर पहिले टायर एवढ्यात कसे गेले, हे विचारायचे. स्टेपनीचे वर्ष पाहायला विसरू नये.

ओबीडी स्कॅनर. कोड पुसणे सोपे आहे, आणि गाडी दाखवण्याआधी ते बहुतेक वेळा केलेले असते. म्हणून 'कोड नाहीत' एवढ्यावर थांबायचे नाही. 'कोड पुसल्यानंतर कापलेले अंतर' आणि 'कोड पुसल्यानंतर इंजिन किती वेळा गरम झाले' ही दोन मूल्ये वाचायची. अंतर १४ किलोमीटर असेल तर इंजिनचा दिवा आज-कालच विझवला आहे. शिवाय स्वतपासणीच्या ओळी, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सरच्या, 'अपूर्ण' दिसतात आणि त्या पूर्ण व्हायला काही दिवसांचे चालवणे लागते. बॅटरी काढल्यानेही काही गाड्यांत हे शून्यावर येते. म्हणून आरोप करायचा नाही: चार-पाच दिवसांनी गाडी पुन्हा पाहायला मागायची. २०१३ च्या आधीच्या अनेक गाड्यांशी स्वस्त स्कॅनर जोडलाच जात नाही. तिथे हा रकाना कोरा राहील.

२८ जून, शनिवार

पाण्यातल्या गाड्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली, जुलै २०२१ मध्ये चिपळूण, जुलै २०२४ मध्ये पुण्यातला सिंहगड रस्त्याचा नदीकाठ पाण्याखाली गेला. अशा प्रत्येक पुरानंतर काही महिन्यांनी धुऊन-पुसून चकचकीत झालेल्या गाड्या दूरच्या शहरांत विकायला निघतात. एमएच ०८, ०९ किंवा १० (रत्नागिरी, कोल्हापूर, सांगली) पाहून नकार देणे मात्र चूक आहे. तिथल्या बहुतेक गाड्यांना पाणी लागलेले नाही, आणि पाण्यात बुडालेली गाडी कुठल्याही क्रमांकाची असू शकते.

पाणी वरून पुसता येते, पण ते गाळ सोडून जाते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा. रिळाजवळच्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेषा राहते. दाराखालची प्लास्टिक पट्टी उचलून कार्पेटखालचा फोम टिश्यू पेपरने दाबायचा. डिकीतली स्टेपनी काढून खालच्या खळग्याच्या कोपऱ्यात बोट फिरवायचे. एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी वाळू आणि हेडलाइटच्या आत आडवी रेघ शोधायची. डॅशखालच्या फ्यूजबॉक्समधला एखादा फ्यूज उपटून पिना पाहायच्या. हिरवट-पांढरी भुकटी म्हणजे ओल शिरली होती. गाडीत शिरताच उग्र सुगंध आला तर काचा बंद करून दहा मिनिटे बसायचे आणि एसी पायांकडे सोडून कुबट वास येतो का पाहायचे.

किनाऱ्यावरच्या गाडीचा गंज आणि पुराचा गंज यांत गल्लत होते. मुंबई, रत्नागिरी, गोव्यातल्या गाडीला खारी हवा बाहेरून आणि खालून खाते: सायलेन्सर, सस्पेन्शनचे आर्म, दारांच्या खालच्या कडा. पुराचा गंज केबिनच्या आत सापडतो: सीटखालच्या स्प्रिंगा, पेडलची चौकट, डॅशखालचे स्क्रू, हँडब्रेकचा दांडा. खारी हवा डॅशखालच्या स्क्रूपर्यंत सहसा पोहोचत नाही. हा फरक पत्रकात जाड अक्षरांत.

पाण्यात गाडी सुरू करायचा प्रयत्न झाला असेल तर सिलिंडरमध्ये पाणी शिरते. पाणी दाबले जात नाही, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकतो. थोडा वाकलेला रॉड घेऊन इंजिन महिनोन् महिने चालते आणि एके दिवशी तो रॉड इंजिनचा ब्लॉक फोडून बाहेर येतो. शंका असेल तर सर्व सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यायचे. एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी असेल तर पुढे जायचे नाही.

५ जुलै, शनिवार

टेस्ट ड्राइव्ह. अट एकच: इंजिन थंड हवे. सकाळी पोहोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवायचा. कोमट लागले तर विक्रेत्याने ते आधीच सुरू करून ठेवले आहे. थंड असतानाच कूलंटच्या टाकीचे झाकण उघडून पाहायचे: तेलाचा तवंग किंवा चहासारखा मळ नको. गरम इंजिनवर ते झाकण कधीही उघडू नये, वाफेने हात आणि चेहरा भाजतो.

सुरू होताना धूर पाहायला दुसरा माणूस मागे उभा करायचा. निळसर म्हणजे तेल जळते. पांढरा थंडीत-पावसात थोडा असतोच, पण इंजिन गरम झाल्यावरही टिकला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचे सील, गेले आहे. काळा धूर डिझेलमध्ये जोरात रेस केल्यावर क्षणभर चालतो, सतत नाही. मग आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, ऑइलचे झाकण सैल करायचे. थोडी हवा येते. झाकण नाचत असेल किंवा धुराचा झोत येत असेल तर पिस्टन रिंग झिजल्या आहेत.

मार्ग सुमारे १२ किलोमीटरचा: थोडा खराब रस्ता, थोडा सरळ, थोडा चढ. पुण्यात बोपदेव घाट चढासाठी चांगला. चढावर चौथ्या गिअरमध्ये, ताशी ४० वर पूर्ण अॅक्सिलरेटर द्यायचा. इंजिनचे फेरे वाढले आणि वेग वाढला नाही तर क्लच घसरतो. एसी चालू ठेवून तापमानाचा काटा पाहायचा. खाली आल्यावर दहा मिनिटे आयडल, फॅन सुरू होऊन बंद झाला पाहिजे. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सैल सोडून गाडी एकीकडे ओढते का, आणि खड्ड्यांवर संगीत बंद करून आवाज. मल्टिमीटर: बंद गाडीत १२.४ ते १२.६ व्होल्ट, चालू असताना १३.८ ते १४.४.

१२ जुलै, शनिवार

तीन लहान पण महागात पडणारे मुद्दे.

एअरबॅग. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझला पाहिजे. पेटलाच नाही तर बल्ब काढला आहे. बॅटरीच्या किंवा दुसऱ्या दिव्याबरोबर तंतोतंत एकाच क्षणी विझला तर तारा जोडून फसवलेला असू शकतो. एअरबॅगच्या जागी रेझिस्टर लावला की दिवा अगदी बरोबर वागतो. तेव्हा स्टिअरिंगच्या मधल्या भागाचा पोत आणि प्रवासी बाजूच्या डॅशवरची शिवण पाहावी, आणि शंका आल्यास एअरबॅगचे मॉड्यूल वाचणारा स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये न्यावे.

सीएनजी. आरसीवर इंधन 'पेट्रोल/सीएनजी' नसेल आणि किट असेल तर दाव्याच्या वेळी विमा अडतो. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी लागते. प्लेटवरची तारीख पाहावी. किट काढून 'शुद्ध पेट्रोल' म्हणून विकलेली गाडी डिकीच्या पत्र्यातली भोके आणि इंजिन-केबिनमधल्या भिंतीतले बुजवलेले छिद्र यांवरून ओळखू येते.

टॅक्सीची खासगी केलेली गाडी. कायद्याने हे करता येते, लपवणे चुकीचे. ओळखायच्या खुणा: वेगमर्यादा यंत्राच्या उरलेल्या तारा, छतावर कॅरिअरच्या खुणा, दाराच्या आतल्या कडेला जुना पिवळा रंग किंवा स्टिकरचा डिंक.

१९ जुलै, शनिवार

पैसे आणि नावावर करणे. इथे फसवणूक सर्वांत कमी कौशल्याने होते आणि नुकसान सर्वांत मोठे.

कोऱ्या, नुसत्या सही केलेल्या फॉर्म २९ आणि ३० वर, म्हणजे मालकी बदलाच्या फॉर्मवर, गाडी हातोहात फिरते, आरसीवर मात्र पहिलाच मालक राहतो. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी नोंदीवर ज्याचे नाव तोच मालक, मग गाडी मध्ये कितीही हातांतून गेलेली असो. हा निकाल विकणाऱ्यालाही सांगावा. नावावर करून देण्याची घाई मग त्यालाही वाटते. विकणाऱ्याने १४ दिवसांत, घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमाही १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्यायचा. तोवर तृतीय पक्षाचे संरक्षण चालू राहते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो.

डीलरकडून घेताना: १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचे अधिकारपत्र लागते, फॉर्म २९बी. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी वर ऑनलाइन जाते. दोन्ही पाहायला मागावेत. जीएसटी नोंदणी असलेल्या डीलरला कर त्याच्या नफ्याच्या फरकावर भरायचा असतो. 'पूर्ण किमतीवर १८ टक्के वेगळे' असे कोणी मागितले तर हिशेब लेखी मागावा.

टोकन छोटे, आणि पावतीवर हे वाक्य: "तपासणीत किंवा कागदपत्रांत वरील माहितीशी विसंगती आढळल्यास टोकन पूर्ण परत." बाकी पैसे आरसीवरच्या मालकाच्या खात्यात, एजंटच्या नाही. नाव बदलेपर्यंत काही रक्कम राखून ठेवायचे आधीच ठरवावे. ताबा-पावतीवर तारीख, वेळ मिनिटांपर्यंत, किलोमीटर, चाव्यांची संख्या. वेळ कशाला? त्या दिवशीचे सकाळचे चलान कोणाचे, हे तिच्यावर ठरते.

२६ जुलै, शनिवार

पत्रकाची पहिली पूर्ण ट्रायल, मेकॅनिक नसलेल्या दोघांकडून. दीड तासाचे अडीच तास झाले. वेळ खाल्ला रंगाच्या मीटरने: त्यांनी प्रत्येक पॅनलवर दहा-बारा आकडे लिहिले. आता पॅनलमागे तीन, छतावर चार, प्रत्येक पिलरवर एक. क्रमही उलटला. आधी नंबर आणि पिलर, मग पाणी, मग इंजिन, रंग सर्वांत शेवटी. पहिल्या दोन गटांत खोट सापडली की पुढचे काही पाहायची गरज राहत नाही. पावसात ओल्या पत्र्यावर कारागिरीच्या लाटा दिसत नाहीत; गाडी पुसून, छताखाली घेऊन पाहावी ही सूचना वर घेतली.

३१ जुलै, गुरुवार

पत्रकाच्या मागे 'फसल्यावर काय' हा अर्धा रकाना.

डीलर किंवा कंपनीकडून घेतली असेल तर ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, मुदत दोन वर्षे. पाच लाखांपर्यंत फी नाही. तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. आधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. घरगुती विक्रेता व्यापारी नसतो. त्याच्याविरुद्ध नोटीस, दिवाणी दावा, आणि जाणूनबुजून खोटे सांगितल्याचा पुरावा असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली पोलीस तक्रार.

पुरावा म्हणजे ४ जूनच्या नोंदीतला संदेश, त्याचे उत्तर, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, ताबा-पावती आणि दोष सापडल्यावर गॅरेजने लेखी दिलेला अहवाल, फोटोंसह. संदेश ज्या फोनवर आहेत तो फोन विकू किंवा रिसेट करू नये. कोर्टात ते दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. दोष सापडल्यावर आधी दुरुस्ती करून मग तक्रार केली तर दाखवायला काही उरत नाही. बदललेले सुटे भाग गॅरेजमधून मागून घ्यावेत, बिलासकट पिशवीत घालून ठेवावेत.

छपाईला गेलेली प्रत: दोन पाने, अक्षर १२ पॉइंट, संदेशाचा मसुदा चौकटीत.